किंजळाच्या ओंडक्यातलं सोनपाखरू

उज्ज्वला मॅडम, गेल्या आठवड्यात मी डोंगरावर जाऊन आले. तुमच्याशिवाय पहिल्यांदाच. तुम्हाला जाऊन अजून दोन महिनेही झालेले नाहीत, आणि अख्ख्या पनवेलात हे सगळं ऐकावंसं वाटेल असं दुसरं माणूस मला काही सापडलं नाही. म्हणून तुम्हालाच सांगते.

खारघरला तुमच्या कॉलेजात शोकसभा झाली. मी मागच्या रांगेत बसले होते. विद्यार्थी बोलले, प्राचार्य बोलले, सगळे चांगलंच बोलले आणि ते खरंही असेल. पण ते ज्या बाईबद्दल बोलत होते तिला मी ओळखत नव्हते. मी ओळखत होते ती बाई भर उन्हात लाकडाच्या टेम्पोचा रिक्षाने पाठलाग करत माझ्या वखारीत शिरली होती.

तो दिवस तुम्ही नेहमी वेगळा सांगायचात, मी वेगळा. माझ्या आठवणीत असं आहे, की टेम्पोतून किंजळाचे ओंडके उतरवणं चाललं होतं, करवतीचा आवाज कानात भरला होता, आणि तुम्ही पदर खोचून थेट ओंडक्यांच्या ढिगावर चढलात. मी करवत थांबवायला सांगितली.

"मालक कोण आहेत इथले?"

"मीच. बोला."

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत. वखारीची मालक बाई असेल असं लोकांना वाटत नाही, त्याची मला सवय आहे. नवरा गेल्यापासून ती मीच चालवते.

"ही झाडं तुम्ही घेतलीत?"

"घेतली. मालकाने जमीन बिल्डरला दिली, झाडं मला दिली. परवानगीचे कागद आहेत. दाखवू?"

"कागद नकोत हो मला. यातला एक ओंडका चिरू नका. एकच. तो वाळलेल्या फांदीचा, तिकडचा."

मला वाटलं, देवाचं काही असेल. झाडाला कोणी नवस बोललं असेल. तेव्हा तुम्ही ढिगावरून उतरलात, दम खात पाणी मागितलंत, आणि मग त्या सोनपाखराची गोष्ट सांगितलीत. नखाएवढं पाखरू. डोकं चिंचेने घासलेल्या तांब्यासारखं, पाठ गर्द निळी, उन्हात हलली की जांभळी. मे महिन्यात किंजळाला कोवळी पालवी आली की काही दिवस दिसतं आणि मग वर्षभर गायब. कुठल्याशा दूरच्या संग्रहालयात टाचणीला लावलेली दोन-चार सुकी पाखरं सोडली तर त्याच्याबद्दल कोणालाच काही ठाऊक नाही. त्याची अळी कुठल्या झाडाच्या पोटात वाढते, किती वर्षं वाढते, काही नाही. तुम्ही कितीतरी उन्हाळे त्या एका उतारावर त्याची वाट बघत काढले होते, आणि त्या दिवशी सकाळी तिथे पोहोचलात तर झाडंच नव्हती.

"म्हणजे लाकूड पोखरणारा किडाच ना?" मी म्हटलं.

"हो."

"मग मॅडम, तुम्ही चुकीच्या दारात आलात. मी आयुष्यभर त्याला मारायचं तेल विकलंय."

करवतीवरचा आमचा बाळाराम तर हसायलाच लागला. "बाय, किडा लागला की लोक लाकूड परत आणून टाकतात. नि तुमी किड्यासाठी मागून नेताय?"

तुम्हीही हसलात. त्या हसण्यामुळे मी ओंडका दिला असेन. शिवाय तो चिरून त्यातून काही निघणारही नव्हतं. पण देताना एवढं म्हणालेच, की किंजळात हा किडा असणं शक्य नाही. किंजळाची फळी मी लहानपणापासून हाताळत आलेय. तुमचं पाखरू पानं खायला येत असेल तिथे, जन्माला दुसरीकडे कुठेतरी येत असेल. "बघू या," तुम्ही म्हणालात. मास्तरणीच्या त्या "बघू या"चा मला तेव्हा राग आला होता.

तुम्ही ओंडका रिक्षात घालून नेलात आणि त्याच आठवड्यात परत घेऊन आलात. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला कुणकुण लागली होती की सातव्या मजल्यावरच्या मॅडम घरात लाकूडपोखरा पाळणार आहेत. सगळ्या बिल्डिंगच्या फर्निचरची त्यांना काळजी पडली. तुम्ही रिक्षातून उतरलात ते तोंड अगदी एवढंसं करून. "मंदाताई, इथे कोपरा मिळेल का हो?"

मागच्या पत्र्याखाली, जिथे आम्ही भुसा टाकतो तिथे, आपण ओंडका विटांवर ठेवला आणि त्याच्यावर माझ्या सासूबाईंची जुनी मच्छरदाणी बांधली. लाकडाच्या वखारीत लाकूडपोखरा! माझा नवरा असता तर त्याने मला वेड्यात काढलं असतं.

मग तुम्ही येऊ लागलात. आधी आठवड्यातून एकदा, मग कधीही. डॉक्टरांची कानात घालायची नळी घेऊन यायचात आणि ओंडक्याला लावून डोळे मिटून बसायचात. गिऱ्हाईकं थबकून बघायची. एकदा तुम्ही ती माझ्या कानात घातलीत. आधी काहीच नाही. मग अगदी बारीक, कोणीतरी दूर बसून कुरमुरे खात असल्यासारखं.

"ऐकलंत? जिवंत आहे."

"आहे. पण हा तुमचाच कशावरून? लाकडात सतरा किडे असतात."

"बाहेर येईल तेव्हा कळेल."

"कधी?"

"ते त्याच्यावर आहे."

असे उन्हाळे गेले. दर मे महिन्यात तुम्ही मला डोंगरावरही न्यायचात, उरलेल्या किंजळांखाली बसायला. मला आधी वाटायचं की तुम्ही ओंडक्यासाठी येता. मग पावसाळ्यातही येऊ लागलात, ज्या दिवसांत आत काहीच वाजायचं नाही. आपण पत्र्याखाली स्टुलांवर बसून चहा प्यायचो. बोलायचो ते बहुतेक लाकूड आणि किडे याबद्दलच. तुम्ही लग्न का केलं नाहीत ते मी कधी विचारलं नाही. माझा नवरा शेवटी शेवटी माझ्याशी कसा वागला ते तुम्ही विचारलं नाहीत, पण मला वाटतं तुम्हाला अंदाज होता. माझी लेक करंजाड्याला राहते, इथून रिक्षाने कितीसं ते! ती सणावारी येते, फोन बघत बसते, जाते. तुम्हाला ते दिसायचं. अशा एखाद्या दिवसानंतर तुम्ही हटकून यायचात आणि लेकीचं नावही न काढता अळीच्या जबड्याबद्दल काहीतरी सांगत बसायचात. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. आभार मानले असते तर तुम्ही संकोचला असतात, म्हणून राहिलं.

आणि मग गेल्या वर्षीचा मे.

दुपारी लाइट गेली होती. करवत बंद, माणसं सावलीला आडवी झालेली. मी मागे पाणी मारायला गेले आणि सवयीने मच्छरदाणीत डोकावले. ओंडक्याच्या सालीवर भुशाचा एक ताजा ठिपका होता. त्याच्या मधोमध काहीतरी हलत होतं. मी तुम्हाला फोन केला. काय बोलले आठवत नाही, पण तुम्ही म्हणालात, "हात लावू नका, मी निघाले."

तुम्ही पोहोचेपर्यंत त्याचं डोकं बाहेर आलं होतं. तांब्याच्या रंगाचं.  तुम्ही "बघा, किंजळच" असं म्हणाला नाहीत. आपण दोघी जमिनीवर बसलो. ते आतून भोक कुरतडत होतं, थांबत होतं, पुन्हा कुरतडत होतं. गोल नव्हतं ते भोक, एका बाजूने सपाट होतं, अर्ध्या चंद्रासारखं, बरोबर त्याच्या अंगाच्या मापाचं. बाळाराम उठून आला आणि तोही बसला. 

सबंध बाहेर आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सालीवर ते थोडा वेळ तसंच बसून राहिलं. मग पाठ उघडून मिटून पाहिली, आणि तो निळा रंग दिसला. मी तुमच्याकडे पाहिलं. वर्गात मुलं उत्तर देत असताना उभ्या राहत असाल तशा तुम्ही उभ्या होतात, हात मागे बांधून.

"मादी आहे," तुम्ही म्हणालात.

तुम्ही फोटो काढले. चारी बाजूंनी काढले. पर्समध्ये तुमची ती रुंद तोंडाची बाटली होती, पाखरं मारायच्या औषधाचा बोळा घातलेली. वर्षानुवर्षं तुम्ही ती बरोबर बाळगत होतात. मी वाट बघत होते की तुम्ही आता ती काढाल. तुम्ही मच्छरदाणीची गाठ सोडलीत आणि कापड वर केलंत.

"मॅडम, बाटली!" मी ओरडले.

ते उडालं. पत्र्याच्या कडेवर एकदा चमकलं आणि हायवेच्या दिशेने गेलं.

त्यानंतर आपण जे भांडलो तसं मी नवऱ्याशीही कधी भांडले नाही. एवढी वर्षं ज्याच्यासाठी घालवलीत ते हातातून सोडून दिलंत? तुम्हीच मला शिकवलं होतंत की फोटोवर कोणी विश्वास ठेवत नाही, अंगाचे बारीक भाग भिंगाखाली बघावे लागतात, नमुना नसेल तर काही घडलंच नाही असं धरतात.

"तिला बाहेर यायला किती वर्षं लागली असतील, मंदाताई. आणि मी तिला दहा मिनिटांत बाटलीत घालू?"

"आयुष्यभर तेच केलंत ना? कपाटंच्या कपाटं भरलीत."

"म्हणून तर."

"म्हणून तर काय? आता जगाला कसं कळणार?"

"आपल्याला कळलं."

"आपण कोण? एक वखारवाली आणि एक रिटायर बाई. आपल्याला कळून काय उपयोग?"

तुमचा चेहरा उतरला. पण तुम्ही माघार घेतली नाहीत. "उपयोग," एवढा एकच शब्द तुम्ही परत म्हणालात, जणू त्याची चव घेऊन बघत होतात, आणि पर्स उचलून निघालात. हायवेवर मादी एकटी उडून काय करणार होती, तिकडे एक किंजळ नाही, ती मेलीच असणार, मग बाटलीत मेली असती तर काय बिघडलं असतं, हे सगळं मी तुमच्या पाठीमागे बोलत राहिले. तुम्ही ऐकलं असेल.

मग तुम्ही आला नाहीत आणि मी फोन केला नाही. पावसाळा तसाच गेला. गणपती विसर्जन होऊन गेल्यावर एका दुपारी तुम्ही येऊन स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "चहा मिळेल का?" मी आधण ठेवलं. त्या विषयावर आपण पुन्हा एक अक्षर बोललो नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं. राग निघून गेला होता, पण प्रश्न तसाच होता. मला खरोखरच कळून घ्यायचं होतं तुमचं म्हणणं. आणि माझंही तुम्ही नीट ऐकायला हवं होतंत. तुमचं नाव त्या पाखराच्या शेजारी कुठेतरी छापलेलं मला बघायचं होतं. एवढंच होतं माझं.

थंडीत तुमचं दुखणं निघालं. हॉस्पिटलात मी येत होते तेव्हा तुमचा भाचा मला प्रत्येक वेळी विचारायचा, "तुम्ही मावशीच्या कोण?" मी "मैत्रीण" म्हणायचे. तो शब्द आपण कधी वापरला नव्हता. मी तुम्हाला मॅडम, तुम्ही मला मंदाताई, सगळं कसं अदबीत.

शेवटच्या आठवड्यात एकदा तुम्ही डोळे उघडलेत आणि स्पष्ट म्हणालात, "मंदा, ती कुठे गेली असेल गं?"

पहिल्यांदा नुसतं मंदा. पहिल्यांदा 'गं'.

मी म्हणाले, "डोंगरावर." खोटं होतं ते. ती कुठे उडाली ते तुम्हीही पाहिलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, किंचित हसलात, आणि पुन्हा झोपलात. ते हसू मला पकडल्याचं होतं की माफ केल्याचं, हे कोणाला विचारू?

आता गेल्या आठवड्याचं.

एका मुलीचा फोन आला. रेवती नाव. कोल्हापूरकडची, बंगळूरला संशोधन करते, याच जातीच्या पाखरांवर. तुम्ही तिला फोटो पाठवले होते आणि ओंडका कुठे आहे म्हणून माझा नंबर दिला होता. तुमचा फोन लागत नाही म्हणून तिने मला केला. मी तिला सांगितलं. तिने तुमच्या दुखण्याचं विचारलं. मग म्हणाली, "काकू, मॅडमचं काम वाया जायला नको. मला तो उतार दाखवाल?"

मी दाखवते म्हणाले.

जिथे आपली झाडं होती तिथे आता बिल्डिंगचे खांब उभे राहिलेत, पण त्याच्या वरच्या अंगाला, खडीच्या रस्त्यापलीकडे, सात-आठ किंजळं अजून आहेत. रस्त्याच्या वळणावर करवंदं विकणारी म्हातारी तशीच बसली होती. मला बघून म्हणाली, "यंदा उशीर केलाव? नि तुमची जोडीदारीन नाय आली?"

"ती गेली, आजी."

"कंदी?"

"चैत्रात."

तिने रेवतीकडे पाहिलं. "ही पोर तिची का?"

"नाही. एका भाच्याशिवाय तिचं कोणी नव्हतं."

"तुमी होता ना," म्हातारी म्हणाली, आणि पानाचा द्रोण करून करवंदं भरायला लागली. दोन द्रोण भरले. मी दोन्ही घेतले.

रेवतीकडे पांढरी छत्री होती. ती उलटी उघडून फांदीखाली धरायची आणि वरून काठीने फांदीला ठोके द्यायचे. छत्री धरायचं काम मी घेतलं. तुमच्याबरोबर असताना आपण कधी फांदीला हात लावला नाही, नुसत्या खाली बसून वर बघत राहायचो आणि माना दुखल्या की उठायचो. तिच्या पद्धतीने पहिल्या झाडावर काही नाही, दुसऱ्यावर मुंग्या आणि एक सुरवंट. तिसऱ्या झाडाला दोन ठोके पडले आणि छत्रीत काहीतरी टपकन पडलं. पाय पोटाशी घेतलेलं, मेल्यासारखं. तुम्ही सांगितलेलं होतं, धोका वाटला की ही पाखरं मेल्याचं सोंग घेतात.

निळी पाठ. तांब्याचं डोकं.

"काकू!" रेवती कुजबुजली.  "हेच. हेच आहे ना?"

"हेच."

तिने बाटली काढली, झाकण फिरवलं, आणि मग थांबून माझ्याकडे बघितलं. तुम्ही सोडून दिल्याचं मी तिला येताना सांगितलं होतं. "काकू, घेऊ ना?"

मॅडम, त्या क्षणी मी तुमची बाजू धरून पाहिली. खरंच पाहिली. छत्री हलवली असती तर ते उडालं असतं. पण मला समोर खांब दिसत होते, आणि खडीचा रस्ता आणखी वर नेण्यासाठी मारलेली चुन्याची रेघही दिसत होती. ती रेघ या झाडांच्या मधून जात होती. कागदावर या पाखराचं नाव नसेल तर ही झाडं कोणासाठी राखा म्हणणार? हे मी तेव्हाच तुम्हाला म्हणायला हवं होतं. त्या दिवशी मला ते सुचलं नव्हतं, मी नुसती ओरडत होते.

"घे," मी म्हणाले.

बाटलीत ते पडलं आणि सोंग सोडून चालायला लागलं. काचेवर चढलं, घसरलं, परत चढलं. मला वाटलं होतं पटकन होईल. तेवढं पटकन नाही झालं. मी तोंड फिरवलं नाही, तुमच्या वतीने कोणीतरी बघायला हवं असं वाटलं म्हणून. थांबलं तेव्हाही रंग तसाच होता.

रेवती झाडाखाली बसून बारीक अक्षरात चिठ्ठी लिहायला लागली. जागा, तारीख, झाडाचं नाव. अळी किंजळातच वाढते हे सर्वप्रथम तुम्ही पाहिलंत, तसं ती तुमच्या नावानिशी छापणार आहे, फोटोंसकट. रस्त्याबद्दल वनखात्याला अर्जही करणार आहे. होईल की नाही, तिलाही ठाऊक नाही. तिने मला तुमचं नाव नीट फोड करून विचारलं, मधलं नाव काय, वडिलांचं नाव काय. मला वडिलांचं नाव माहीत नव्हतं. एवढी वर्षं आपण बसलो आणि मला तुमच्या वडिलांचं नाव माहीत नव्हतं.

तिला संध्याकाळची गाडी होती. स्टॉपवर ती माझ्या पाया पडली, बाटली ओढणीत गुंडाळून गाडीत चढली, खिडकीतून हात केला. मी वखारीत आले. बाळाराम विचारायला आला, "सापडला का किडा?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "बरं झालं, मॅडमच्या मनासारकं झालं," आणि घरी गेला.

मनासारखं झालं का, मॅडम? तुमच्या मनासारखं तर झालं नाही. माझ्या मनासारखं झालं. मी बरोबर होते असं मला अजूनही वाटतं, आणि तुम्ही इथे असतात तर तुम्हीही ते मान्य केलं असतंत असं मात्र मला मुळीच वाटत नाही. तुम्ही हात मागे बांधून काहीतरी एवढंसं म्हणाला असतात, आणि मी आठवडाभर त्याच्याशी मनात भांडत राहिले असते.

करवंदांचा एक द्रोण मी खाल्ला. दुसरा तिथेच स्टुलावर राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या. आपला वाद संपला, मॅडम. मला तो संपायला नको होता.